१९६१च्या रणभूमीची एक दिवसाची सफर: जागा सगळ्या, वाद अर्धाच

पणजीच्या कदंब बसस्थानकाजवळून सकाळी साडेसातला निघून संध्याकाळी सहापर्यंत ऑपरेशन विजयशी, म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यातला गोवा घेणाऱ्या डिसेंबर १९६१च्या भारतीय लष्करी कारवाईशी, संबंधित जागा दाखवणारी ही मराठी सफर आहे. बारा आसनांची ट्रॅव्हलर, माणशी २,२०० रुपये. त्यात जेवण, पाणी, प्रवेशशुल्क आणि चोवीस पानांची झेरॉक्स पुस्तिका आली. नुसत्या जागा पाहायच्या असतील तर पैसे वसूल होतात. पण जागा काय, स्कूटर काढली की कुणालाही पाहता येतात. आयोजकांनी जाहिरातीत ‘भारताने गोव्यात सैन्य घातले ते योग्य होते का, यावर खुली चर्चा’ असे छापले आहे, तेव्हा परीक्षण त्या चर्चेचेच करायला हवे.

या विषयात तीन प्रश्न हमखास एकमेकांत गुंततात. गोव्यावर हक्क कोणाचा होता, हा पहिला. हक्क मान्य केला तरी बळाचा वापर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत बसत होता का, हा दुसरा. आणि डिसेंबर १९६१ मध्ये खरोखरच दुसरा मार्ग उरला नव्हता का, हा तिसरा. मार्गदर्शक हे प्रश्न सुटे ठेवतो तेव्हा फार चांगले बोलतो. त्यांची सरमिसळ झाली की मात्र १९ डिसेंबरच्या, म्हणजे गोवा मुक्तिदिनाच्या, व्यासपीठावरचे भाषण सुरू होते.

पहिला थांबा पत्रादेवी. पणजीहून सुमारे ४० किलोमीटर, पण म्हापशाच्या अलीकडची वाहतूक धरून सव्वा तास धरा. हुतात्मा स्मारकापाशी १५ ऑगस्ट १९५५च्या सत्याग्रहाची माहिती नीट दिली जाते: निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आले, पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून अधिक माणसे गेली, त्यांत पंजाबचे कर्नैल सिंग होते. भारताचे सैन्य त्या दिवशी पाठीशी नव्हते, हेही मार्गदर्शक आडपडदा न ठेवता सांगतो. नेहरूंना तेव्हा बळाचा वापर नको होता आणि नंतर तर त्यांनी सत्याग्रहींचे जथे सीमेवर थोपवले. जाहीर भाषणांत हा भाग सहसा वगळतात, म्हणून इथे गुण द्यायला हवेत.

मात्र याच ठिकाणी तो ‘साडेचारशे वर्षांची गुलामी’ म्हणतो, तेही पेडणे तालुक्यात उभे राहून. तिसवाडी १५१० मध्ये गेली, बार्देश आणि साष्टी १५४३ मध्ये. पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले ते १७८८ मध्ये, म्हणजे १९६१ पर्यंत १७३ वर्षे. हा नुसता कीस नाही. लिस्बनच्या युक्तिवादाचा पाया ‘गोवा शतकानुशतके पोर्तुगालचाच’ हा होता, आणि नव्या काबिजादीच्या (पोर्तुगीजांनी उशिरा घेतलेल्या) तालुक्यांना तो सगळ्यांत कमी लागू पडतो. साडेचारशेचा आकडा सरसकट वापरला की आपणच समोरच्याच्या हातात मुद्दा देतो.

तिथून परत फिरून आग्वाद. तुरुंगातले संग्रहालय २०२१ मध्ये नव्याने खुले झाले. कोठड्या, छायाचित्रे, फलक असे सगळे आहे. पाऊण तास पुरतो. इथल्या कैद्यांना मुक्त करायला आलेल्या तुकडीतले ७ कॅव्हलरीचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू याच किल्ल्यापाशी पडले, ते इथे आवर्जून सांगतात. सावलीत बसवून मग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा गोव्यातल्या सैन्यासाठीचा १४ डिसेंबरचा संदेश वाचून दाखवतात: तह नाही, पोर्तुगीज कैदी नाहीत, सैनिक आणि खलाशी एकतर विजयी किंवा मृत. गोव्याचा गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा याने तो पाळला नाही. १९ तारखेला रात्री त्याने ब्रिगेडियर के. एस. ढिल्लन यांच्यापुढे शरणागती पत्करली. मायदेशी त्याला लष्करातून काढले आणि १९७४च्या क्रांतीनंतरच त्याचा मान परत मिळाला. पणजी शाबूत राहिली त्यात या माणसाचा वाटा आहे, हे मार्गदर्शक कौतुकाने सांगतो. पाखल्याची (पोर्तुगिजाची) बाजू घेतोस का, असे कुणी कुजबुजले तरी तो डगमगत नाही. अख्ख्या दिवसातला हा सर्वांत भक्कम अर्धा तास.

जेवण पणजीत. शीत, हुमण, शाकाहाऱ्यांना वालीची भाजी आणि सोलकढी. बरे असते. त्यानंतर त्याच खोलीत ‘खुली चर्चा’ होते, आणि सफरीचा जीव इथेच अडकला आहे.

पद्धत अशी: बारा जणांचे दोन गट, एक दिल्ली, एक लिस्बन. दहा मिनिटे तयारी, मग प्रत्येकी तीन मिनिटे बोलायचे, शेवटी गटांची अदलाबदल. कल्पना उत्तम आहे. बिघडते ती दारूगोळ्यापायी. पुस्तिकेतल्या चोवीस पानांपैकी अठरा भारतीय बाजूची आहेत. लिस्बनवाल्यांच्या हाती सालाझारचा संदेश आणि एक नकाशा, बस्स. साहजिकच तो गट दोन मिनिटांत गप्प होतो आणि दिल्लीवाल्यांना वाटते, आपण जिंकलो. समोरच्याची बाजू मुळात मांडलीच गेली नाही, तर आपली टिकते की नाही हे कळणार कसे?

लिस्बनची बाजू अगदीच पोकळ नव्हती. १९५१ मध्ये पोर्तुगालने घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘समुद्रापारचे प्रांत’ केले. त्यावरून त्यांचे म्हणणे, की गोवा हा देशाचाच भाग, म्हणून सनदेचे कलम ७३ (वसाहतींची माहिती संयुक्त राष्ट्रांना देण्याचे) लागू नाही आणि कलम २(४) प्रमाणे भारताने बळ वापरायचे नाही. याला दिल्लीचे खरे उत्तर भावनेचे नव्हते, १५ डिसेंबर १९६०च्या ठरावाचे होते. आमसभेच्या ठराव १५४२ ने पोर्तुगालच्या अशा प्रदेशांची यादीच केली आणि त्यात गोवा नावानिशी आला. आदल्या दिवशी वसाहतवादाविरुद्धचा ठराव १५१४ मंजूर झाला होता. पहिल्या प्रश्नावर भारताची बाजू इतकी मजबूत आहे, आणि हे दोन ठराव पुस्तिकेत नाहीत!

दुसऱ्या प्रश्नावर मात्र गाडी चढाला लागते. १२ एप्रिल १९६०चा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल दादरा-नगरहवेली या भारताने वेढलेल्या पोर्तुगीज प्रदेशाच्या वाटेबद्दलचा. पोर्तुगालला तिथे जाण्यासाठी भारतातून माणसे आणि सामान नेण्याचा हक्क होता, सशस्त्र दले नेण्याचा नव्हता, आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली ती बेकायदा नव्हती, असा हा दोन्हीकडे बघणारा निकाल. दोन्ही बाजू तो आपापल्या सोयीने अर्धा वाचतात. सफरीत तो अर्धाही नाही.

सुरक्षा परिषदेचा प्रसंग मार्गदर्शक रंगवून सांगतो, पण ‘रशियाने आपल्याला वाचवले’ एवढ्यावर थांबतो. गणित सांगितले तर श्रोते जास्त जागे होतील. तेव्हा परिषदेत ११ सदस्य होते आणि ठरावाला ७ मते लागत. युद्धबंदी करा, सैन्य मागे घ्या, या अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांच्या ठरावाला बरोबर ७ मते पडली. विरोधात ४: सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). सोव्हिएत नकाराधिकार नसता तर ठराव मंजूरच होता. पोर्तुगालची तक्रार फेटाळा, असा उलटा ठराव सिलोन, लायबेरिया आणि अरब प्रजासत्ताकाने आणला, तो ४ विरुद्ध ७ ने पडला. कायद्याच्या चौकटीत जग भारताबरोबर नव्हते. आफ्रिका-आशियातले नवे देश होते, कारण त्यांच्या लेखी वसाहत हीच मुळात चालू असलेली आक्रमकता होती. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी परिषदेत हाच रोख धरला. हा युक्तिवाद पटो न पटो, तो नेमका असाच मांडला गेला, हे गटाला कळले पाहिजे.

आणखी एक कागद पुस्तिकेत हवा: गोव्यातल्या एका धर्मगुरूच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९६९चा निकाल. पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारून परवान्याशिवाय इथेच राहिल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई झाली होती. त्यांचा बचाव असा, की गोवा अजून ‘व्याप्त प्रदेश’ आहे, तेव्हा जिनिव्हा कराराचे संरक्षण मला आहे. न्यायालयाने तो फेटाळला: लष्करी कारवाईने प्रदेश जिंकला गेला, पाठोपाठ सामील झाला, व्याप्ती तिथेच संपली. म्हणजे आपल्याच न्यायालयाने ‘गोवा आधीपासून आमचाच’ या वाक्यावर भिस्त ठेवली नाही. दिल्ली गटातल्या हुशार माणसाला हा निकाल आधी वाचायला द्या, मग बघा तो तीन मिनिटांत काय बोलतो.

तिसरा प्रश्न, दुसरा मार्ग होता का. इथे ‘चौदा वर्षे वाट पाहिली’ एवढेच उत्तर मिळते. खरी वीण नाकेबंदीत आहे. १९५५ नंतर भारताने व्यापार, रेल्वेवाहतूक आणि मनीऑर्डरी रोखल्या. मुंबईहून येणाऱ्या पैशावर जगणारी घरे होरपळली, पण पोर्तुगीज सरकार वाकले नाही, कारण त्याच वर्षांत लोहखनिजाची निर्यात, विशेषतः जपानकडे, वाढत गेली आणि मुरगाव बंदर गजबजले. आर्थिक दाब का चालला नाही, याचे उत्तर खाणींत आहे. डिसेंबरच का, याला अनेक धागे आहेत: नोव्हेंबरात पोर्तुगीजांच्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ बोटीवर झालेला गोळीबार, ऑक्टोबरात दिल्लीच्या परिसंवादात आफ्रिकी नेत्यांनी भारताच्या सबुरीवर ओढलेले ताशेरे, आणि फेब्रुवारी १९६२ मधली निवडणूक, ज्यात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते. शेवटचा मुद्दा काढला की मार्गदर्शक पाण्याची बाटली उघडतो. अडचणीचा असला तरी तो वादात हवाच.

दुपारचा दौरा सैनिकी तपशिलाचा, आणि तो सरस आहे. दोना पावलच्या धक्क्यावरून समोर मुरगाव दिसते, तिथेच १८ डिसेंबरला दुपारी पोर्तुगीज युद्धनौका ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ आणि भारताच्या ‘बेटवा’, ‘बिआस’ यांची झुंज झाली. १२० मिलिमीटरच्या चार तोफांचे ते १९३०च्या दशकातले जहाज नव्या फ्रिगेटांपुढे का टिकले नाही, हे फलकावर आकृती काढून दाखवतात. एक दुरुस्ती: जहाज ‘बुडवले’ नाही. जखमी कप्तानाच्या खलाशांनी ते किनाऱ्याला लावले, नंतर भारताने ते काढून भंगारात विकले. बाणास्तारीच्या पुलाला पाच मिनिटे मिळतात, ती कमी आहेत, कारण पोर्तुगीजांनी पूल उडवून वेळ कसा काढला, हे पाण्याकडे बघतच समजते.

शेवटी बोगमाळोचे नौदल विमान संग्रहालय. बाहेर सुपर कॉन्स्टेलेशन, सी हॅरियर, अलिझे वगैरे उभी आहेत. यातले बरेच काही १९६१ नंतरचे, हे मार्गदर्शक स्वतःच सांगतो, चांगले करतो. दाबोळीच्या धावपट्टीवर भारताच्या १२ कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले, टर्मिनलला हात लावायचा नाही असा हुकूम होता, आणि रात्रीत खड्डे बुजवून पोर्तुगीजांची दोन विमाने कराचीला निसटली, ही गोष्ट इथे ऐकायला मजा येते. विमानतळ नौदलाच्या ताब्यात आहे, त्या बाजूला कॅमेरा काढू नका. अंजदीवही सफरीत नाही, बेट नौदलाच्या हद्दीत येते. त्यावरून आयोजकांना दोष देऊ नका.

परतीच्या वाटेवर १९६७च्या जनमत कौलाचा उल्लेख होतो आणि मराठी मंडळी लगेच सरसावून बसतात. फूल (महाराष्ट्रात विलीनीकरण) विरुद्ध दोन पाने (केंद्रशासित राहणे), ३४,०२१ मतांचा फरक, विलीनीकरणवाले नेते बांदोडकर. चर्चा रंगते, पण लिस्बन गटातला कुणी ‘मग गोंयकारांना विचारले कधी?’ असे म्हणाला तर हा कौल उत्तर म्हणून पुढे करू नका. महाराष्ट्रात जायचे की केंद्रशासित राहायचे, एवढाच प्रश्न त्यात होता.

नोंदणी करताना सोमवार टाळा, बोगमाळोचे संग्रहालय बंद असते. शुक्रवारी जुन्या गोव्यातले पुरातत्त्व संग्रहालय बंद असते. तिथे पणजीतून हलवलेला, १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कचा पुतळा आहे आणि आयोजक विनंतीवर तिथे थांबतात. पुस्तिका आदल्या दिवशी मोबाइलवर मागवून घ्या, ते पाठवतात. दोन ठराव, हेगचा निकाल आणि १९६९चा निकाल स्वतः छापून न्या, चारांचे मिळून महत्त्वाचे परिच्छेद सहा-सात पानांत बसतात. आणि लिस्बन गटात जायला कुणी तयार नसेल तर तुम्ही जा. चर्चा पंधरा मिनिटांत गुंडाळू लागले तर घड्याळ दाखवा. जाहिरातीत तासाभराची वेळ दिलेली आहे.