टाकाची एक बुडी किती पुरते? शाई टिकवण्याचे पर्याय समोरासमोर

टाकाने लिहायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली तक्रार हीच असते: दोन-तीन शब्द झाले की हात पुन्हा दौतीकडे. यावर उपाय भरपूर आहेत, काही दुकानात मिळतात, काही घरी करता येतात. पण मोडी किंवा देवनागरी सुलेखनासाठी चपटी निब वापरणाऱ्याला जे लागतं, ते टोकदार निबेने इंग्रजी कॉपरप्लेट, म्हणजे दाबानुसार जाड-बारीक होणारं तिरकं वळणदार अक्षर, लिहिणाऱ्याला चालत नाही. माझं मत आधीच सांगतो. चपट्या निबेला काढता-घालता येणारी पितळी पट्टी घ्या. टोकदार निबेसाठी आधी शाई दाट करा, मगच तारेच्या स्प्रिंगकडे वळा.

त्याहीआधी एक फुकटचं काम करायचं असतं. नवी निब गंजू नये म्हणून तिच्यावर तेलाचा किंवा लाखेसारखा पातळ थर दिलेला असतो. तो असेल तर शाई निबेवर पसरत नाही, थेंबाथेंबाने गोळा होते आणि पहिल्याच रेघेला धपकन उतरते. भांडी घासायचा साबण किंवा टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशने निब दोन्ही बाजूंनी घासा, धुवा, पुसा. मग बुडवून उजेडाकडे धरा. पोटाकडच्या बाजूला शाईचा अखंड पातळ पडदा दिसला आणि मधलं भोक शाईने भरलेलं राहिलं, की निब तयार. निब काडीच्या ज्योतीवर धरायचा सल्लाही दिला जातो. मी तो देणार नाही, कारण जरा जास्त तापलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि निब मऊ पडते.

निबेत शाई थांबते ती पृष्ठताणामुळे. दोन पृष्ठभाग एकमेकांच्या जवळ असले की मधल्या फटीत शाई धरली जाते, आणि फट जिकडे अरुंद होत जाते तिकडे ती ओढली जाते. निबेखाली पितळी पट्टी बसवली की अशीच टोकाकडे निमुळती होणारी फट तयार होते. त्यामुळे साठा वाढतो हे खरं, पण मला त्याहून मोलाची वाटते ती शाई उतरण्यातली समानता. एका बुडीत दुप्पट अक्षरं झाली, पण पहिलं अक्षर चिखल आणि शेवटचं फिकट, तर त्या दुप्पटीचा काही उपयोग नाही. खालची तुलना मी याच कसोटीवर केली आहे.

चपट्या निबा

यात तीन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात: स्पीडबॉलची सी मालिका, विल्यम मिचेल आणि ब्रॉउज.

स्पीडबॉलचा उगम 1910 च्या दशकातल्या अमेरिकेत, दुकानांच्या पाट्या आणि जाहिरातींची अक्षरं लिहिणाऱ्यांच्या गरजेतून झाला. त्यांना मोठी अक्षरं भराभर काढायची असत, म्हणून निबेलाच पितळी पट्ट्या जोडलेल्या असतात. सी-0 सर्वांत रुंद, पुढचे आकडे वाढतील तशी निब बारीक. तिघींत सर्वांत जास्त शाई हीच धरते. पोस्टर, मोठी शीर्षकं, फलक असं काम असेल तर दुसरीकडे पाहू नका. पण ती शाई सोडतेही मोकळ्या हाताने. बारीक मजकुराला पहिली दोन अक्षरं भरून येतात, आणि पट्ट्यांच्या मधली वाळलेली शाई काढणं जिकिरीचं होतं.

मिचेलची निब पातळ आणि लवचीक, तिची पट्टी वेगळी मिळते आणि खालून सरकवून बसवायची असते. नवशिक्यांना हिचाच कंटाळा येतो. पट्टीचे कान जास्त आवळले तर निब चिमटली जाते, सैल राहिले तर लिहिता लिहिता पट्टी निसटते. पट्टीची जीभ निबेच्या पोटाला जेमतेम टेकली पाहिजे, आणि धारेपासून साधारण दोन मिलिमीटर मागे थांबली पाहिजे. जिभेने वर जोर दिला तर चीर फाकते आणि शाई येणंच थांबतं. एकदा हे जमलं की मात्र इतकी नेमकी, धारदार रेघ दुसरी निब देत नाही, आणि धुताना पट्टी काढून ठेवता येते. तीन ते सहा मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत कविता किंवा मानपत्र लिहिणाऱ्याला मी हीच सुचवेन.

ब्रॉउजची पट्टी निबेच्या वरच्या अंगाला असते आणि निब ताठ असते. हात जड असेल, दाबून लिहायची सवय असेल तर ही सोसते.

पट्टी कोणतीही असो, निब दौतीत बुडवू नका. ब्रशने किंवा ड्रॉपरने शाई थेट पट्टीत भरा. निबेची पाठ कोरडी राहते, धार स्वच्छ राहते, पहिलं अक्षर फुगत नाही. वेळ थोडा जास्त जातो, पण अक्षरात पडणारा फरक लांबूनही दिसतो.

देवनागरी लिहिणाऱ्यासाठी आणखी एक मुद्दा आहे. या निबांचा काप इंग्रजी अक्षरांच्या सोयीचा, आपल्या अक्षरांचा तिरकेपणा उलट दिशेचा. म्हणजे मनगट वळवून लिहायचं किंवा निब घासून घ्यायची. बोरूला, म्हणजे पोकळ बोरूच्या लेखणीला, ही अडचण नाही; कत, म्हणजे टोकाचा तिरका काप, हवा तसा मारता येतो. बोरू शाई कमी धरतो ही तक्रारही सुटते. शीतपेयाच्या रिकाम्या ॲल्युमिनियमच्या डब्याची बोरूच्या पोकळीत मावेल एवढी पट्टी कापा, कडा घासा, ‘एस’सारखी वळवा आणि पोकळीत अशी सरकवा की तिचा वळसा टोकाच्या थोडा मागे आतल्या बाजूला टेकेल. खर्च नाही, आणि फरक लगेच कळतो. मोडीसाठी मला हाच पर्याय सर्वांत आवडतो. मोडीत शिरोरेषा आधी कागदभर ओढायची आणि अक्षरं हात न उचलता तिच्याखाली लिहीत जायची. एफोर कागदाची रुंदी 21 सेंटिमीटर. तेवढी रेघ एका बुडीत, मध्ये सांधा न पडता जायला हवी, आणि पट्टी घातलेला चांगला बोरू ती नेतो.

टोकदार निबा

निक्को जी, झेब्रा जी, लिओनार्ट प्रिन्सिपल या निबांचं सगळं काम दाबल्यावर दोन पाती फाकण्यावर चालतं. टोकाजवळ पट्टी लावली की तीच हालचाल अडते. म्हणून इथे शाईपासून सुरुवात करावी. फाउंटन पेनची शाई पातळ असते, ती निबेवर टिकत नाही आणि खरखरीत कागदावर फुटते. तिच्यात गम अरेबिक, म्हणजे बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक, पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने घाला. प्रत्येक थेंबानंतर लिहून पाहा. काजळाच्या जुन्या काळ्या शाईतही डिंक असायचा. डिंक जास्त झाला तर बारीक रेघ तुटते आणि वाळलेली शाई चकाकते. तसं झालं तर पाणी घालून परत मागे या.

त्यानंतरही पुरत नसेल तर तांब्याची किंवा पितळेची केसासारखी बारीक तार सुईभोवती गुंडाळून छोटी स्प्रिंग करा आणि निबेच्या पोटात, भोकाच्या मागे अडकवा. वेढ्यांच्या फटींत बरीच शाई थांबते. लांब पत्र लिहिणाऱ्याला ती फार सोयीची. नक्षीदार, जोरकस फाकवाच्या कामात मात्र कधीतरी साठा एकदम सुटून थेंब पडतो, तिथे मी ती काढून ठेवीन.

काचेचा टाक की पॅरलल?

काचेच्या टाकाच्या टोकावरच्या पिळदार खाचांत शाई भरते आणि एका बुडीत खूप मजकूर होतो. शाई बदलायची तर पाण्यात फिरवला की झालं. रोजनिशी लिहायला, शाया तपासायला उत्तम. पण रेघ एकाच जाडीची, त्यामुळे सुलेखनाला तो उपयोगाचा नाही.

बुडवणंच नको असेल तर पायलट पॅरलल, म्हणजे पायलट कंपनीचं चपट्या टोकाचं, आत शाईचं काडतूस बसणारं पेन. दोन सपाट पात्यांमधून शाई येते, काडतूस संपेपर्यंत दौतीची गरज नाही, आणि 1.5 पासून 6 मिलिमीटरपर्यंत रुंदी मिळते. रोजच्या कित्त्याला याहून सोपं काही नाही. मात्र शाई फाउंटन पेनचीच हवी, आणि ती बहुतेक वेळा पाण्याने विरघळते, म्हणून वरून जलरंग लावायचे असतील किंवा काम टिकवायचं असेल तर टाकाकडेच यावं लागेल. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक पॅरललमध्ये कधीही भरू नका. ती आतल्या बारीक वाटांमध्ये वाळून घट्ट बसते आणि मग पेन कितीही धुतलं तरी मोकळं होत नाही.