जुना स्विमिंग पूल दुरुस्त करून देतो म्हणून झालेली फसवणूक

जुन्या घराबरोबर बंद पडलेला स्विमिंग पूल ज्यांच्या पदरात पडला आहे, त्यांनी हे कृपया शेवटपर्यंत वाचावं. शिवोली, आसगाव, साळगाव, हळदोणे या बार्देशातल्या पट्ट्यात अशी घरं आता बरीच विकली जातात. मालक परदेशी नाहीतर मुंबईला, घर काही वर्षं बंद, आणि मागच्या परसात हिरवं-काळं पाणी साठलेला पूल. आम्ही हळदोण्यात असंच एक घर घेतलं. मी डिचोलीची, माझे यजमान सावंतवाडीचे. विहीर, टाकी, पंप हे सगळं आमच्या रोजच्या हाताखालचं, पण पूल सांभाळणं दोघांनाही नवं. आम्हाला यातलं काही ठाऊक नाही, हे पूल दुरुस्तीला आलेल्या ठेकेदारानं पहिल्या भेटीतच हेरलं आणि पुढचं सगळं त्यावरच रचलं.

मे महिना होता. पाण्यात पानांचा खच आणि डासांच्या अळ्या. आरोग्य केंद्राचा कर्मचारी येऊन पाहून गेला होता आणि पावसाआधी साफ करा असं बजावून गेला होता. घर दाखवणाऱ्या एजंटानं एका ठेकेदाराचा नंबर दिला. ठेकेदाराचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगाकडे आहे. माणूस बोलायला अत्यंत गोड. खिशातून कागदाची पट्टी काढली, पाण्यात बुडवली, रंग दाखवला आणि म्हणाला, "ताई, हे पाणी वाचणारं नाही. सगळं उपसायचं, मोटर जळलीय ती बदलायची, फिल्टरची वाळू बदलायची, आणि नवीन पाणी भरायचं. पाऊस सुरू झाला की मग मी काही करू शकणार नाही." एकूण १ लाख ६० हजार रुपये आणि निम्मे आगाऊ, कारण सामान मुंबईहून मागवायचं. कोटेशन व्हॉट्सअॅपवर आलं. त्यात कामांची नावं होती, पण कुठल्या कंपनीची मोटर, किती किलो वाळू, किती लिटर पाणी, यातलं एक अक्षर नव्हतं.

इथे एक हिशेब सांगते, कारण पुढच्या सगळ्या चोऱ्या याच हिशेबानं पकडल्या गेल्या. पुलाची लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. आमचा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, उथळ टोकाला १.१ आणि खोल टोकाला १.७ मीटर, म्हणजे सरासरी १.४. गुणाकार केला की साधारण ४५ घनमीटर येतात, म्हणजे ४५,००० लिटर. टेप घेऊन पाच मिनिटांत होणारं काम आहे. औषध किती लागेल, टँकर किती लागतील, फिल्टर किती तास चालवायचा, सगळं या एका आकड्यावर ठरतं. ठेकेदारानं आमच्यासमोर एकदाही टेप लावली नाही.

बिलात १० हजार लिटरचे ९ टँकर होते. म्हणजे ९०,००० लिटर पाणी, ४५,००० लिटरच्या पुलात. यजमान त्या वेळी कामावर, मी शाळेत, आणि टँकर मोजायला घरी कुणी नव्हतं. शेजारच्या काकींनी नंतर सांगितलं की टँकर आले ते थोडेच, बाकी दोन दिवस आमच्याच विहिरीवर पंप लावलेला होता.

मोटरची गोष्ट अशी. जुनी मोटर तो "कंपनीत परत द्यायची" म्हणून घेऊन गेला आणि नवी कोरी दिसणारी बसवून गेला. पुढे म्हापशाचा इलेक्ट्रिशियन आला, त्यानं कव्हर काढलं आणि विचारलं, "ही नवी म्हणून घेतलीत?" आतलं वायंडिंग जुनं, बाहेरून ताजा रंग, माहितीची पट्टी काढून टाकलेली. नवा होता फक्त कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू होताना तिला जोर देणारा छोटा भाग. घर घेताना आम्ही सगळ्या वस्तूंचे फोटो काढले होते, त्यात मोटरच्या पायाला एक तडा दिसतो. तोच तडा, रंगाखाली, तिथेच. आमचीच मोटर आम्हाला नवी म्हणून विकली. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तेव्हा बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो किंवा पंखा अडकलेला असतो. काही शे रुपयांचं काम. म्हणून मोटर घराबाहेर जाण्याआधी तिच्या पट्टीवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, आणि नवी बसवली तर जुनी आपल्याकडेच ठेवून घ्या.

पुलाचं पाणी ज्या वाळूतून गाळलं जातं, त्या फिल्टरच्या वाळूचं तेच. आमच्या मापाच्या फिल्टरमध्ये साधारण १५० किलो सिलिका वाळू लागते, ठरावीक बारीक दाण्याची, चाळलेली. त्यानं वर चार बोटं नवी वाळू पसरली होती, तीही बांधकामाची. खाली जुनी वाळू तेल-मातीनं गोळे होऊन बसलेली. पूल सुरू झाल्यावर पाणी परत येतं त्या तोंडापाशी तळाला बारीक वाळू जमू लागली. असं दिसलं तर एक तर वाळू चुकीची आहे, नाहीतर फिल्टरच्या आतली जाळीची नळी फुटली आहे. दोन्हीत फिल्टर उघडून पाहावाच लागतो.

हे सगळं पैशांचं झालं. पाण्यात त्यानं जे केलं ते मला अजून विसरता येत नाही, कारण त्या पाण्यात माझ्या भाचरांनी डुंबायचं होतं.

जूनच्या सुरुवातीला पूल सुंदर निळा दिसू लागला. तळाच्या फरश्या स्पष्ट दिसत होत्या. आम्ही उरलेले पैसे दिले, त्यानं हात जोडले आणि गेला. पाऊस लागला आणि पंधरवड्यात पाणी गढूळ हिरवट झालं, पायऱ्यांवर निळसर-हिरवे आणि काही ठिकाणी काळपट डाग उठले. त्याला फोन केला. तो म्हणाला, "पावसाचं पाणी पडलं ना ताई, आता पूल पुन्हा पूर्ण उपसून अॅसिडनं धुवावा लागेल," आणि ७० हजारांचं वेगळं काम सांगितलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पंप लावायचा असं ठरवूनही टाकलं.

त्याच सुमारास सावईवेऱ्याहून माझे मामा आले. त्यांचं पोफळीचं कुळागर आहे. पायरीवरचे डाग त्यांनी नखानं खरवडले, मग पांढरी बादली मागून पुलातलं पाणी भरलं आणि उजेडात धरलं. "अगो बाय, हे मोरचूद आहे!" मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार. पावसाळ्याच्या तोंडावर, फळं कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी सुपारीवर बोर्डो मिश्रण मारण्यात मामांचं आयुष्य गेलं. १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, तो रंग ते झोपेतही ओळखतील. पाणी तपासायला दिलं, त्यात तांबं भरपूर निघालं.

मोरचूद शेवाळ मारतं हे खरं आहे, आणि शेवाळ मारणाऱ्या काही औषधांत तांबं असतंही, पण अगदी अल्प प्रमाणात. ठेकेदारानं किलोंनी ओतलं होतं, दोन कारणांसाठी. शेवाळ तात्पुरतं मेलं आणि पाण्याला निळा रंग चढला. जंतू मारायला जे क्लोरीन लागतं ते त्या पाण्यात जवळजवळ नव्हतंच. तांबं फरशीत मुरतं, डाग पडतात, पोहणाऱ्याचे केस हिरवट होतात. मामांची बादलीची परीक्षा प्रत्येकानं करावी. स्वच्छ पुलाचं पाणी खोलीमुळे आणि फरशीमुळे निळं दिसतं. पांढऱ्या बादलीत घेतलं की ते बिनरंगी दिसायला हवं. बादलीतही निळं दिसलं तर त्या पाण्यात कुणीतरी काहीतरी घातलं आहे.

ठेकेदार ठेवून गेलेल्या ड्रमवर 'टीसीसीए ९० टक्के' असं लिहिलेलं. टीसीसीए म्हणजे पुलात घालायचं तीव्र क्लोरीनचं औषध. मामांनी एक चमचा पावडर बादलीभर पाण्यात टाकली, तासाभरानं तळाला पांढरा चुना बसला. खरं टीसीसीए हळूहळू विरघळतं आणि मागे असा चुन्याचा गाळ ठेवत नाही. ती साधी ब्लीचिंग पावडर होती, कितीतरी स्वस्त. ही परीक्षा नुसत्या पाण्यात, मोकळ्या हवेत करा. त्या पावडरीत अॅसिड अजिबात पडू देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि दोन वेगवेगळ्या क्लोरीनच्या पावडरी कोरड्या एकत्र करू नका, आग लागू शकते.

मग मामा विहिरीपाशी गेले. मे महिन्यात ज्या विहिरीत दोर पुरत नव्हता, तिथलं पाणी आता हात घालून भरता येईल इतकं वर आलं होतं. ते म्हणाले, "विहिरीत पाणी इथवर असेल तर पुलाखालीही तेवढंच आहे. उपसू नका." हे वाक्य प्रत्येक पूलवाल्यानं लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. गोव्यात जून ते सप्टेंबर साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, जांभ्या दगडातून पाणी सहज मुरतं, आणि जमिनीतली पाण्याची पातळी वर येते. पुलातलं ४५ टन पाणी पुलाला खाली दाबून धरत असतं. ते काढलं आणि बाहेरचं पाणी तळापेक्षा नुसतं १ मीटर वर असलं, तरी दर चौरस मीटरला १ टन जोर खालून वर लागतो. आमच्या पुलाचा तळ ३२ चौरस मीटर, म्हणजे ३२ टन. पूल रिकाम्या होडीसारखा वर उचलला जाऊ शकतो, तळ फाटू शकतो, पाइप तुटू शकतात. पुढे कळंगुटच्या हॉटेलांचे पूल सांभाळणारे एक जाणकार तंत्रज्ञ आले, त्यांनी हेच सांगितलं. काही पुलांच्या तळाला हा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो, पण वर्षानुवर्षं बंद पडलेल्या पुलात तो चालतो की नाही हे कुणी पाहिलेलं नसतं. धंद्यातल्या माणसाला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. पूल फुटला असता तर त्याला आणखी मोठं काम मिळालं असतं.

त्या तंत्रज्ञांनी पूल न उपसताच सुधारला. सोडा अॅश, म्हणजे धुण्याचा सोडा घालून पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) वाढवला, तांबं गाळ होऊन खाली बसेल असं केलं, तुरटीनं उरलेलं बसवलं, आणि तळाचा गाळ फिल्टरमधून न नेता थेट बाहेर ओढला. तो गाळ आम्ही ओहोळात सोडू दिला नाही, तांबं माशांना मारतं आणि खाली खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं आहेत. विहिरीपासून लांब वेगळ्या खड्ड्यात घेतला. पाणी कमी झालं ते पावसानंच भरलं, एकही टँकर लागला नाही. पावसात एरवी पाणी वाढलं तर फक्त स्किमरच्या (पुलाच्या भिंतीतलं, वरचा कचरा ओढून घेणारं खोकं) निम्म्या तोंडापर्यंत उतरवायचं, त्याच्या खाली नाही.

आता थेंबांचं टेस्ट किट आमच्याच कपाटात असतं. पीएच ७.२ ते ७.८ आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएम (म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम), एवढं मी स्वतः पाहते. क्लोरीन संध्याकाळी घालते, कारण दिवसा ऊन ते खाऊन टाकतं. गळतीचा संशय आला तर पायरीवर पाणी भरलेली बादली ठेवायची, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करून खूण करायची आणि २४ तासांनी पाहायचं. पुलाचं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं तरच गळती. आमच्या ठेकेदारानं मधे एकदा गळतीचंही नाव काढलं होतं, फरश्या फोडायच्या म्हणून. बादलीनं ते खोटं ठरवलं.

बिलाबद्दलही सांगते. त्यानं १८ टक्के जीएसटी लावून छापील बिल दिलं होतं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि गोव्याचा ३० नं सुरू होतो. त्याच्या बिलावर १४ च अक्षरं होती, आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तसं काही सापडलं नाही. म्हणजे करापोटी घेतलेले पैसेही त्यानं स्वतःच ठेवले. पैसे देण्याआधी तो क्रमांक तिथे टाकून पाहता येतो, फुकट आणि लगेच.

पोलिसांनी आधी हा दिवाणी मामला आहे असं सांगितलं. लेखी तक्रार देऊन पोच घेतली, ती पुढे उपयोगी पडली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली, रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली, आणि मग उत्तर गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. २०१९ च्या कायद्यानं यासाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेसाठी आयोगाचं शुल्क लागत नाही. मोटरचा फोटो, इलेक्ट्रिशियनचं लेखी मत, पाण्याचा तपासणी अहवाल, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, सगळं जोडलं आहे. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

ठेकेदाराचा जुना नंबर बंद आहे. शिवोलीच्या एका ओळखीच्या बाईंकडे नुकताच एक माणूस त्याच कागदी पट्ट्या आणि तसेच ड्रम घेऊन, वेगळ्या नावानं येऊन गेला आणि निम्मे पैसे आगाऊ मागत होता. तुमच्याकडे असं कुणी आलं तर आधी त्याच्यासमोर टेप लावून पूल मोजा, मोटरचा फोटो काढा, आणि ड्रममधली चमचाभर पावडर बादलीत टाकून तासभर थांबा.