बाथरूमच्या भिंतीवरची बुरशी: ब्लीच, व्हिनेगर, एक्झॉस्ट की सरळ नवा रंग?

जुलै उजाडला, पंचगंगा पात्राबाहेर आली की कोल्हापुरात निम्म्या घरांत बाथरूमच्या छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके उठतात आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो ब्लीच मारा, दुसरा म्हणतो दिवाळीला रंगकामच काढू. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. पण कशाचा उपयोग होणार हे एकाच गोष्टीवर ठरतं: भिंतीला पाणी कुठून मिळतंय?

ते बघायला मिस्त्री लागत नाही. ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा भिंत पुसून कोरडी केलेल्या जागी चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. फॉइलच्या बाहेरच्या अंगाला दव धरलं असेल तर ती आंघोळीची वाफ. भिंतीकडच्या अंगाला ओल असेल तर पाणी आतून येतंय: गळकी पाइप, वरच्या मजल्याची फरशी, नाहीतर बाहेरच्या प्लास्टरला गेलेली चीर. असं असेल तर खालचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी गळती काढा. आणखी एक, भिंतीवर पांढरी भुकटी फुटली असेल आणि ती पाण्यात विरघळत असेल तर ती बुरशी नाही, लोणा आहे, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार. त्यावर ब्लीच ओतणं म्हणजे पैसे मोरीत ओतणं.

आता ब्लीच की व्हिनेगर. गुळगुळीत टाइल्सवर ब्लीचला तोड नाही. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं बघा, लिटरभर पाण्यात साधारण ६०-७० मिली घाला, दहा मिनिटं ठेवून घासा आणि धुवा. डाग जातो आणि बुरशीही मरते. प्लास्टरवर मात्र ब्लीच फसवतं. क्लोरीनचं काम पृष्ठभागावरच आटोपतं, पाणी तेवढं आत मुरतं. भिंत गोरी दिसते, आतली बुरशी जिवंत राहते आणि महिन्याभरात तिथंच पुन्हा काळं येतं. शिवाय डिस्टेंपरचा रंग उडून चट्टे पडतात ते वेगळेच.

प्लास्टरच्या छोट्या डागाला साधं पांढरं व्हिनेगर बरं. पाणी न घालता फवारायचं, तासभर ठेवायचं, घासायचं. काम सावकाश होतं, वास दिवसभर राहतो आणि बुरशीच्या सगळ्या जातींवर ते चालतही नाही. पण व्हिनेगरला एक मोठी अडचण आहे आणि ती आपल्याकडच्या जुन्या घरांत हमखास येते. शहाबादी, कडप्पा, संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड. आम्ल लागलं की त्यांची झिलई जाते आणि फरशी खडबडीत होऊन आणखी घाण धरते. पेठांमधल्या ज्या न्हाणीघरांत अजून शहाबादी आहे तिथं व्हिनेगर खालपर्यंत ओघळू देऊ नका. टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही ते दर आठवड्याला मारलं तर झिजतं. व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा मिसळायचा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. फेस भरपूर येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि बुरशी बघत बसते.

ब्लीच चाललं नाही म्हणून त्यावरच व्हिनेगर, किंवा संडास धुवायचं ॲसिड, असं मात्र कधीच करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि चार बाय सहाच्या खोलीत तो थेट छातीत जातो. एका दिवशी एकच औषध, दार उघडं, हातात मोजे, नाकाला मास्क. कोरडा ब्रश फिरवू नका, बुरशीची भुकटी घरभर उडते. घरात दमेकरी असेल तर त्याला तेवढा वेळ बाहेर पाठवा.

मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड दोघांच्या मधलं. तीन टक्क्यांचं, पांढऱ्या सांध्यांना छान, वास नाही. पूर्ण भिंतीला परवडत नाही. बेसिनच्या कडेचं सिलिकॉन आतून काळं पडलं असेल तर कुठलंच औषध लागू पडत नाही. ते ब्लेडनं काढून नवं भरा.

साफसफाईवर एवढं बोललो, पण माझ्या मते पहिला खर्च एक्झॉस्ट फॅनचाच करावा. "खिडकी उघडी असतेच की" हे मार्चमध्ये खरं. जुलैत बाहेरची हवाच पाण्यानं जड असते. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीतून ती हलतही नाही आणि वाफ छताला चिकटून राहते. नेहमीच्या छोट्या बाथरूमला सहा इंची फॅन पुरतो. आंघोळीनंतर वीस-तीस मिनिटं चालू ठेवा आणि दाराखाली बोटभर फट राहू द्या, नाहीतर फॅन नुसता फिरतो. फॅन बसवायला जागाच नसेल तर आंघोळ झाल्यावर टाइल्सवरून वायपर मारून दार उघडं टाका. फुकटातला उपाय आहे, पण घरातल्या प्रत्येकानं केला तर.

गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर हिशेब बदलतो. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत जातं. म्हणजे आंघोळीची वाफ वेगळी, गिझरची वेगळी. पण त्याहून वाईट कार्बन मोनॉक्साइड: त्याला वास नाही, रंग नाही आणि बंद खोलीत तो जीव घेतो. अशा ठिकाणी फॅन लावून भागत नाही, उलट तो जळालेला वायू खोलीत ओढू शकतो. गिझर बाहेर काढणं हाच उपाय.

राहिला रंग. साध्या डिस्टेंपरपेक्षा बुरशीविरोधी रंग नक्कीच सरस. त्यातलं औषध काही वर्षं टिकतं, मग ओसरतं. चुना स्वस्त, अल्कधर्मी, भिंतीला श्वास घेऊ देणारा. जुन्या दगडी-मातीच्या भिंतींना मी आजही चुनाच सुचवीन, फक्त तो वरचेवर द्यावा लागतो. छतापर्यंत टाइल्स सगळ्यांत महाग. त्या वाफेला उत्तम, पण गळतीवर लावल्या तर ओल आत कोंडते आणि पलीकडच्या खोलीत पोपडे सुटतात.

बुरशीवरून मारलेला कुठलाही रंग मात्र वाया. "दोन हात मारले की दिसायचं न्हाई बघा," असं रंगारी म्हणेल. दिवाळीपर्यंत खरंच दिसत नाही. पण पावसाळा पिऊन बसलेली भिंत ऑक्टोबरात आतून ओलीच असते आणि २०१९, २०२१ च्या महापुरात बुडालेल्या सुतारवाड्यासारख्या भागात तर फुगलेलं प्लास्टर खरवडल्याशिवाय तिच्यावर काहीच टिकत नाही. म्हणून आत्ता साफ करा, फॅन लावा आणि रंग फेब्रुवारी-मार्चवर टाका. तेव्हा रंगाऱ्यांनाही सणाची घाई नसते, भावही जरा बोलता येतो.