सौर बंबाची कॉइल आणि स्मार्ट स्विच : एक पावसाळा, एक हिवाळा वापरल्यानंतर

पुण्यात सहकारनगरमधील आमच्या घराच्या गच्चीवर २०० लिटरचा, काचनळ्यांचा सौर बंब आहे आणि ढगाळ दिवसांसाठी त्याच्या टाकीत २ किलोवॅटची विजेची कॉइल बसवलेली आहे. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस मी या कॉइलला तापमानाचा सेन्सर जोडता येणारा, १६ अँपिअरचा स्मार्ट स्विच लावला. अशा स्विचची जाहिरात ‘फोनवरून पाणी तापवा’ अशी होत असली, तरी माझ्या मते त्याचा मोठा उपयोग कॉइल योग्य वेळ येईपर्यंत बंद ठेवण्यासाठी आहे.

यामागचे कारण सांगतो. सकाळच्या आंघोळी आटोपल्या की जेवढे गरम पाणी खर्च झाले तेवढेच गार पाणी टाकीच्या तळाशी येते. कॉइल केवळ तिच्या थर्मोस्टॅटच्या (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या भागाच्या) भरवशावर दिवसरात्र चालू ठेवली, तर ऊन चढायच्या आतच ती हे पाणी विजेवर तापवून टाकते आणि मग दिवसभराच्या उन्हाला तापवण्यासारखे फारसे काही उरत नाही. संध्याकाळच्या वापरानंतरही तेच घडते. म्हणून कॉइल पहाटे, आंघोळीच्या थोडे आधी आणि तेही टाकी खरोखर गार असेल तरच लागली पाहिजे. आमच्याकडे स्विच पहाटे साडेचारला तापमान पाहतो; ते ४५ अंशांच्या खाली असेल तर ४८ अंशांपर्यंत कॉइल चालवतो आणि काहीही झाले तरी सहा वाजता ती बंद करतो. २०० लिटर पाणी १० अंशांनी वाढवायला साधारण २.३ युनिट वीज आणि सव्वा तासाच्या आत-बाहेर वेळ लागतो, त्यामुळे एवढा अवधी बहुधा पुरतो.

स्विच वीजवापर मोजतो, म्हणून जुलैमधील काही ढगाळ दिवस मी मुद्दाम कॉइल जुन्या पद्धतीने सतत चालू ठेवून पाहिली. तेव्हा रोज पाच ते सहा युनिट लागत होते. पहाटेच्या वेळापत्रकावर तशाच हवेत अडीच-तीन युनिटांत काम भागले. पुण्याच्या पावसाळ्यात ढग दाटलेले असले तरी पसरलेल्या उजेडावर काचनळ्या पाणी थोडेफार कोमट करतातच आणि तो कोमटपणा फुकट घालवायचा नाही, यातच ही सगळी बचत आहे. ऑक्टोबरनंतर कॉइल क्वचितच लागली. डिसेंबर-जानेवारीत ऊन स्वच्छ असते, पण टाकीत येणारे पाणी अधिक गार असते आणि प्रत्येकाला अधिक बादल्या हव्या असतात, त्यामुळे पाहुणे असतानाच्या पहाटे ती लागली. दिवाळीत अभ्यंगस्नानासाठी वेळ तीनवर आणली होती आणि सूर्योदयापूर्वी घरातल्या सर्वांना भरपूर कढत पाणी मिळाले. आईला त्या पहाटे गॅसवर पातेली चढवावी लागली नाहीत, याचे मला फार समाधान वाटले.

सेन्सर कुठे बसतो याला स्विचपेक्षाही अधिक महत्त्व आहे. टाकीत गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असे थर राहतात. सेन्सर अगदी वरच्या भागात असेल तर तो ५० अंश दाखवत राहतो आणि तिसऱ्या माणसाच्या आंघोळीला कोमट पाणी येते. आमच्या टाकीला मधल्या उंचीवर सेन्सरसाठी नळी होती, म्हणून आकडा विश्वासार्ह मिळतो. पाणी दीर्घकाळ पन्नासच्या खाली ठेवणे आरोग्याच्या दृष्टीने बरे नाही, कारण अशा कोमट साठ्यात लेजिओनेला हा जिवाणू वाढू शकतो; त्यामुळे पावसाळ्यात दर रविवारी टाकी ६० अंशांपर्यंत नेण्याचे वेगळे वेळापत्रक लावले आहे आणि ते मी सोडणार नाही.

१ जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत लागू झाली. त्यामुळे ढगाळ दिवशी दुपारी चारलाच पाणी तापवून ठेवावे का, याचा मी हिशेब केला. वरच्या २.३ युनिटांवर सवलत दोन रुपयांच्या आसपास होते. उलट, अधिक तापलेली टाकी रात्रभरात अधिक उष्णता गमावते आणि आमच्या टाकीत हा जादा तोटा अर्ध्या युनिटाच्या घरात जातो, ज्याची किंमत सवलतीपेक्षा जास्त आहे. ज्यांच्या घरी आंघोळी संध्याकाळी होतात त्यांनी मात्र दुपारची वेळ अवश्य निवडावी.

घेताना दोन गोष्टी नक्की तपासाव्यात. वेळापत्रक आणि तापमानाची अट स्विचमध्येच साठवली जाते की दूरच्या सर्व्हरवर, हे विचारावे. पहाटे इंटरनेट नसले तरी पाणी तापलेच पाहिजे. दुसरे असे की वीज जाऊन आल्यावर स्विच आपोआप बंद स्थितीत यावा अशी सोय असावी. वळवाच्या पावसात किंवा महावितरणच्या गुरुवारच्या दुरुस्तीच्या वेळी वीज गेली आणि परत आली, तर घरात कोणी नसताना कॉइल लागलेली चालणार नाही. २ किलोवॅटला जवळपास ९ अँपिअर प्रवाह लागतो, म्हणून १० अँपिअरचा स्वस्त प्लग वापरू नये. रिले (स्विचमधला वीज जोडणारा-तोडणारा भाग) चिकटून कॉइल चालूच राहण्याची शक्यता गृहीत धरून मूळ थर्मोस्टॅट, जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा एमसीबी आणि वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जागेवर ठेवावेत. स्लॅबमधून वायफाय नीट पोहोचत नसल्याने आम्ही स्विच गच्चीवर न लावता जिन्याजवळच्या पेटीत लावला आणि शेजारी साधे बटणही ठेवले, जेणेकरून आई-बाबांना फोनची गरज पडू नये. वायरमनच्या मजुरीसह सगळा खर्च पाच हजारांच्या आत झाला.

सोसायटीतील सदनिकांना हे सगळे लागू होत नाही. तिथे सामाईक सोलरचे पाणी ठरावीक वेळी येते आणि टाकीचे तापमान एकेका घराच्या हाती नसते. न्हाणीघरातील २५ लिटरचा गिझर २ किलोवॅटचा असेल, तर २२ अंशांवरून ६० अंशांपर्यंत जायला त्याला सुमारे १.१ युनिट आणि पस्तीस मिनिटे पुरतात. सदनिकेत राहणाऱ्यांनी सेन्सरवर खर्च न करता सोलरची वेळ संपल्यानंतर तेवढाच वेळ चालणारा साधा १६ अँपिअरचा टायमर घ्यावा.