दाफ्नी आणि प्लितो : क्रीटच्या दोन वाचवलेल्या द्राक्षांच्या वाइन

ग्रीक भाषेत दाफ्नी म्हणजे लॉरेलचे झाड. त्याच्या वाळलेल्या पानाला पाश्चात्त्य पाककृतींत ‘बे लीफ’ म्हणतात आणि आपण त्याचे भाषांतर बिनदिक्कत तमालपत्र असे करतो. प्रत्यक्षात ही दोन वेगळी झाडे आहेत. तमालपत्रावर देठापासून टोकाकडे तीन ठळक शिरा धावतात आणि पान चुरगाळले की दालचिनी-लवंगेच्या अंगाचा वास येतो. लॉरेलच्या पानाला मध्ये एकच ठळक शीर असते आणि त्याचा वास निलगिरीकडे झुकणारा, थोडासा औषधी असतो. हा फरक आधी सांगण्याचे कारण असे, की ग्रीसच्या क्रीट बेटावर या झाडाचे नाव लाभलेले एक पांढरे द्राक्ष आहे, त्याच्या वाइनला खरोखरच त्या पानाचा वास येतो, आणि तमालपत्राची अपेक्षा धरून पेला उचलणाऱ्याची फसगत होते. माझी झाली होती.

क्रीटमधल्या हेराक्लिओन शहराच्या दक्षिणेला अलाग्नी गावात लिराराकिस ही 1966 पासूनची कौटुंबिक वायनरी आहे. दाफ्नी आणि प्लितो ही दोन पांढरी वाणे जवळजवळ नामशेष झालेली असताना या कुटुंबाने त्यांची पुन्हा लागवड केली आणि 1990 च्या दशकात प्रत्येकीची स्वतंत्र वाइन बाजारात आणली. मी ज्या दोन बाटल्यांविषयी लिहीत आहे त्या दोन्ही प्सारादेस नावाच्या एकाच मळ्यातल्या आहेत, आणि तुलना करणाऱ्याच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट आहे. माती तीच, हवा तीच, करणारे हात तेच, त्यामुळे पेल्यात जो फरक जाणवतो तो बराचसा वाणाचाच असतो.

ही वाणे मागे का पडली, हे नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला समजावून सांगावे लागणार नाही. वेलीच्या मुळांवर जगणारी फिलॉक्झेरा ही कीड क्रीटमध्ये उरलेल्या युरोपच्या मानाने फार उशिरा, 1970 च्या दशकात पोहोचली, आणि एकदा ती आली की जुनी बाग उपटून या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटावर कलम केलेल्या वेली लावण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आपल्याकडे डॉगरिजचा खुंट आला तो क्षारयुक्त पाणी आणि अवर्षण यांपायी, तिथे खुंट आला तो किडीपायी. पण खुंटावर कोणत्या वाणाची काडी भरायची हा प्रश्न आला की दोन्हीकडचा शेतकरी एकरी माल किती निघेल आणि तो घेणार कोण, याचाच हिशेब करतो. त्या हिशेबात विलाना, कोत्सिफाली यांसारखी खपाची वाणे बसत होती, बेदाण्यासाठी सुलतानिना तर आधीपासूनच होती (सुलतानिना म्हणजे आपली थॉम्सन सीडलेसच), आणि ज्याची वेगळी बाटली कोणी मागत नव्हते असे द्राक्ष सरमिसळ बागांतल्या चार वेलींपुरते उरत होते. त्यामुळे असे वाण वाचवणे म्हणजे काड्या जपण्याबरोबरच त्याला गिऱ्हाईक मिळवून देणेही आहे. क्रीटमध्ये वाथिपेत्रो येथे मिनोअन काळातला, म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा, द्राक्षे तुडवण्याचा हौद सापडला आहे आणि बेटावरच्या वाइनची जाहिरात करताना त्याचा उल्लेख सहसा चुकत नाही. परंतु हौद जुना असल्याने आजची वाइन चांगली ठरत नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

प्लितोविषयी थोडक्यात लिहिता येईल, कारण ती सरळ स्वभावाची वाइन आहे. रंग फिकट, वास लिंबाच्या सालीचा, आणि आंबटपणा असा की पहिल्या घोटाला जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटते. क्रीटसारख्या उष्ण बेटावर पिकूनही इतका आंबटपणा टिकवून धरणे हा या वाणाचा मोठा गुण आहे, आणि उन्हाळे तापत चालले असताना त्याचे मोल शेतकऱ्याला अधिक कळेल. तळलेल्या मासळीबरोबर ती उत्तम लागते. मात्र डोळे मिटून दिली तर ही अमुकच द्राक्षाची, असे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

दाफ्नीच्या बाबतीत तशी शंका राहत नाही. हेराक्लिओनमधल्या एका खानावळीत ती मी पहिल्यांदा मागवली तेव्हा बाटली बर्फाच्या बादलीत इतका वेळ ठेवलेली होती, की पेल्यात ओतल्यावर बाहेरून दव सुटले आणि आतून कसलाच वास येईना. पैसे वाया गेले असे समजून मी पेला बाजूला सारला आणि जेवणाकडे वळलो. वीसेक मिनिटांनी सहज उचलला तर निराळीच वाइन समोर आल्यासारखे वाटले. आधी लॉरेलचे पान, मग रोझमेरी, मागून आल्याचा हलका तिखटपणा आणि घोट गिळल्यावर मागे राहणारा किंचित कडसरपणा, जो काहींना खटकेल आणि मला आवडला. फळाचा वास शोधू जाल तर तो फारसा सापडत नाही. ही वाइन बागेपेक्षा माळरानाची, वाळल्या झुडपांची आठवण करून देते. तेव्हा ती फ्रिजमधून काढून काही वेळ टेबलावर राहू द्यावी, एवढी सूचना आवर्जून करतो.

परतताना दोन्हींची एकेक बाटली आणली, कारण आपल्याकडच्या दुकानांत त्या मला कधी दिसलेल्या नाहीत आणि दोन बाटल्या कस्टमच्या दोन लिटरच्या सवलतीत बसतात. प्लितो तळलेल्या सुरमईबरोबर अपेक्षेप्रमाणे जुळली. दाफ्नी मी उत्साहाच्या भरात मटणाच्या काळ्या रश्शाबरोबर उघडली आणि ती माझी चूक होती. मसाल्यापुढे वाइनचा वास पूर्ण बुडाला आणि कडसरपणा तेवढा वर आला. बाटली बूच लावून ठेवून दिली आणि दुसऱ्या संध्याकाळी, घरच्या कुंडीतल्या ओव्याच्या पानांची भजी केली तेव्हा पुन्हा काढली. ओव्याच्या त्या जाड, लवदार पानाचा वास थाइमच्या जवळचा असतो, बेसनाच्या कुरकुरीत आवरणातून तो जिभेवर उतरतो, आणि त्यावर दाफ्नीचा घोट घेतला की दोन्हींचा हिरवा उग्रपणा एकमेकांत असा मिसळतो, की कोणता वास पानाचा आणि कोणता द्राक्षाचा हे वेगळे काढता येत नाही.

एकच बाटली घ्यायची असेल आणि घरी पाहुणे यायचे असतील तर प्लितो घ्यावी, तिला नावे ठेवणारा विरळा. स्वतःसाठी घ्यायची असेल तर दाफ्नी, आणि शक्यतो ताज्या वर्षाची. वासावर उभी असलेली ही वाइन कपाटात जपून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. ग्रीसमध्ये दोन्ही वीस युरोच्या आत मिळाल्या.