जिप्सीच्या हूडची मागची काच बदलली: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावर

नवीन काम करून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीही "एक नंबर काम" असंच लिहितं, म्हणून मुद्दाम थांबलो होतो. मे महिन्याचं ऊन खाऊन झालं, ताम्हिणी घाटातला पाऊस झेलून झाला, आता लिहायला हरकत नाही. गाडी मारुतीची जिप्सी किंग, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली), सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी छताची; त्या छतालाच हूड म्हणतात. बाकी स्पेक सगळ्यांना पाठ आहेत त्यामुळे त्यात जात नाही. विषय फक्त हूडच्या मागच्या पडद्यातली प्लॅस्टिकची काच आणि तिला लावलेली चेन (झिप). खरं सांगायचं तर चेनबद्दलच जास्त लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

जुनी काच पिवळी तर कधीचीच पडली होती. आरशात मागची गाडी म्हणजे फक्त दोन दिवे दिसायचे, रिक्षा की ट्रक ते ओव्हरटेक झाल्यावर कळायचं. तरी चालवत होतो कारण फाटली नव्हती. जानेवारीत सिंहगडाला पहाटे निघताना हूड उघडायची हौस आली, मागचा पडदा दुमडला आणि कडकन आवाज, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आडवी चीर. यात कुणाचा दोष नाही. पीव्हीसी मुळात कडकच असतं, त्यात प्लास्टिसायझर घालून मऊ करतात, तो वर्षानुवर्षं उन्हात उडून जातो आणि थंडीत उरलेलं प्लॅस्टिक आणखी ताठ होतं. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा जुनी काच दुमडायची नाही म्हणजे नाही. नवीसुद्धा नका दुमडू, दहा वाजू द्या, ऊन लागू द्या.

आधी सर्व्हिस सेंटरला गेलो. नाव लिहीत नाही, लिहून काही होत नाही. तिथे पहिल्यांदा गाडी "बघायचे" साडेचारशे घेतले, मग एका पोराने फाटलेल्या काचेत हात घालून पलीकडून बाहेर काढला आणि म्हणाला सर काच डॅमेज आहे. बरं. मग अ‍ॅडव्हायझर म्हणाला नुसती काच येत नाही, नुसता मागचा पडदाही येत नाही, आख्खं हूड घ्या, पार्ट मिळाला तर वीस हजाराच्या वर जाईल आणि मिळेल की नाही ते सांगता येत नाही. म्हणजे न मिळणाऱ्या वस्तूचं एस्टिमेट! साडेचारशे परत द्या म्हणलं तर ते सिस्टीममध्ये गेलेत. संध्याकाळी फोन, सर फीडबॅकला दहापैकी दहा द्याल ना. त्या बाईंची काही चूक नाही पण मी तिला जरा जास्तच बोललो असेन.

बरं ही गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, पर्यावरण कर भरून परत पासिंगला न्यायची होती, त्यामुळे फाटका पडदा सेलोटेप लावून चालवणं शक्य नव्हतं.

म्हणून बोहरी आळी. तिथे ट्रान्सपरंट प्लॅस्टिक मीटरवर मिळतं, स्वस्त मिळतं, मी अर्ध्या एमएमचं दोन मीटर घेतलं आणि खुशीत नाना पेठेत हूडवाल्या मामांकडे गेलो. मामा मूळचे रिक्षाची हुडं शिवणारे, सीट कव्हरही करतात, दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल आणि रेक्झिनचे गठ्ठे. त्यांनी माझी गुंडाळी उलगडली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "साहेब, हे घरी डायनिंग टेबलावर टाका."

मला राग आला पण त्यांनी दाखवलं तेव्हा पटलं. रोलवर गुंडाळून येणाऱ्या स्वस्त मालाला आतून लाटा असतात. टेबलावर काही कळत नाही, पण त्यातून लांबचं बघितलं की समोरचा विजेचा खांब वाकडा होतो आणि मान हलवली की खांब नाचतो. त्यांच्याकडे पाऊण एमएमची सपाट शीट होती, गुळगुळीत प्लेटांमध्ये दाबून पॉलिश केलेली, तिच्यातून खांब सरळ. एक एमएमपण होती, ती जास्त टिकते पण गुंडाळायला ताठ पडते, म्हणून पाऊणच घेतली. गडद स्मोक रंगाची घ्या, ऊन कमी येईल, असा आग्रह त्यांच्या पोराने केला. ती घेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम शंभरप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, आणि २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर काळ्या फिल्मवरून पोलीस कसे अडवतात ते सगळ्यांना माहितीये. पासिंगच्या तोंडावर कशाला नसती भानगड. आणि मुळात रात्री मागचं दिसायला पाहिजे यासाठीच तर खर्च करतोय ना.

कामाची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. मला वाटलं जुनी काच कापतील, मापाने नवी कापतील, शिवतील. तसं नाही. आधी हूड गाडीवर पूर्ण चढवलं, सगळे पट्टे ताणले, टिचबटणं लावली आणि गाडी भर दुपारी उन्हात उभी केली. शीट गरम होऊन सैल पडली की मगच मापं घेतली, कारण थंडीत ताणून बसवलेलं प्लॅस्टिक मे महिन्यात पसरतं आणि त्याला पोट येतं, उन्हात बसवलेलं थंडीत उलट आणखी ताठ बसतं. मग खडूने खुणा करून पडदा उतरवला आणि जुनी काच तशीच ठेवून तिच्यावर नवी शिवली. जुनी सगळ्यात शेवटी आतून ब्लेडने कापली. आधीच कापली असती तर कॅनव्हासला नुसतं भोक राहिलं असतं आणि मशीनवर घेताना त्याचा आकार गेला असता.

प्लॅस्टिक मशीनच्या पायाला चिकटतं म्हणून वर पेपरच्या पट्ट्या ठेवून शिवत होते, नंतर फाडून काढायच्या. एक पट्टी खालच्या शिलाईत अडकलीये ती अजून तशीच आहे, आतून बघितलं तर "पाणीकपा" एवढं वाचता येतं. टाके चांगले मोठे घेतले, चार एमएमच्या आसपास. बारीक टाके जास्त मजबूत असा आपला समज असतो, कापडाला तो ठीक आहे, पण प्लॅस्टिकला सुईची भोकं जवळजवळ पडली की ते पोस्टाच्या तिकिटासारखं बरोबर त्याच रेषेत फाटतं. दोरा पॉलिस्टरचा जाड. नायलॉनचा नको, तो उन्हात लवकर कुजतो.

आता चेन. मामांनी विचारलं नुसती फिक्स शिवू का चेन लावू, चेनचे वरचे पावणेतीनशे. मी नाहीच म्हणणार होतो. पण त्यांचं म्हणणं असं की चेन असली की काच आधी सोडवून वर गुंडाळून बांधता येते, मग पडदा काढायची आणि दुमडायची वेळच कमी येते, आणि काच जाते ती दुमडूनच. पटलं. आणि हे काही नाना पेठेतलं डोकं नाही हं, माझदाच्या १९८९ च्या पहिल्या एमएक्स फाइव्हला (दोन सीटची, कापडी हूडची गाडी) मागची काच प्लॅस्टिकचीच होती आणि तीही चेनवाली, हूड पाडायच्या आधी ती सोडायची. दुसऱ्या पिढीत १९९८ ला त्यांनी खरी काच दिली, धुकं घालवायच्या तारांसकट. जिप्सीला खरी काच का नाही बसवली असं ऑफिसात दोघांनी विचारलं. अरे पडदा गुंडाळायचा असतो, काच कशी गुंडाळू.

तर नंबर दहाची चेन, दोन बाजू आणि खालून अशी यू आकारात, कोपरे गोल, दोन रनर जे खाली मध्यभागी येऊन भेटतात, वरून कॅनव्हासची झडप. शीट साडेसहाशे, मजुरी आठशे, चेन पावणेतीनशे, सगळे मिळून सतराशे पंचवीस. सतराशे घ्या म्हणलं, घेतले. सर्व्हिस सेंटरचे साडेचारशे मी यात धरत नाहीये, ते वेगळे डोक्यात बसलेत.

पहिले दोन महिने मी येईल त्याला गाडी दाखवत होतो. आरशात मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचता यायला लागली. मे महिन्यात पार्किंगला चेन सोडून काच वर बांधली की आतली भट्टी पाच मिनिटांत उतरते. पिवळेपणा शून्य, लाटा शून्य. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग आवाज सुरू झाला. टिक. टिक टिक. साधारण पन्नासच्या पुढे गेलं की. आधी वाटलं स्टेपनीचा ब्रॅकेट सैल झालाय, तो घट्ट केला. मग वाटलं टेलगेटचं लॉक, त्याला ग्रीस लावलं. शेवटी बायकोला मागे बसवलं आणि कर्वे रोडवरून चांदणी चौकापर्यंत नेलं, तिने पौडफाट्याच्या आतच शोधून काढलं. दोन्ही रनरना लोखंडी लटकन आहे, ते दोन्ही एकमेकांशेजारी खाली येतात आणि टेलगेटच्या पत्र्यावर आपटतात. जिप्सीत इंजिनाचा, टायरचा, वाऱ्याचा एवढा कल्ला असतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, त्यात हा आवाज ऐकू येतो कसा असं मित्र म्हणतात. येतो. एकदा ऐकला की तोच ऐकू येतो. रबरबँड लावलं, उन्हात वितळून चिकटलं. इन्सुलेशन टेप लावली, डिंक सुटून काचेवर डाग. टेप काढायला थिनर वापरणार होतो, मामांनी फोनवरच ओरडून थांबवलं, थिनर आणि पेट्रोल लागलं की पीव्हीसी तिथेच पांढरं पडतं. शेवटी पक्कडने दोन्ही लटकन कापून टाकली आणि पायजम्याची नाडी ओवली. आवाज बंद. पावणेतीनशेच्या चेनमध्ये पाच रुपयांची नाडी आधीच घालता आली असती, हे मामांना मी प्रत्येक वेळी ऐकवतो.

पावसात मत परत बदललं, यावेळी गंभीर कारणाने, आणि चेन लावणाऱ्यांनी हे नीट वाचा. ताम्हिणीत धो धो पाऊस, आत चौघं, सगळ्या काचांवर वाफ. डोकं लढवलं आणि मागची चेन खालून वीतभर उघडली, पुढच्या काचा बंद कारण पाऊस आत येत होता. वाफ थोडी कमी झाली पण दहा मिनिटांत धुराचा वास, बायको म्हणाली डोकं जड झालंय. चौकोनी पाठीच्या गाडीमागे चालताना हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो आणि फक्त मागची खिडकी उघडी असली की आत ओढला जातो. वास तरी येतो म्हणून कळलं, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, जीव घेणारी गोष्ट तीच. म्हणून चालत्या गाडीत फक्त मागची उघडायची नाही, पुढच्या काचा बऱ्यापैकी खाली हव्यात म्हणजे हवा पुढून मागे वाहते. पुढून भिजायचं नसेल तर मागची बंद ठेवून ब्लोअर लावा. मी ज्या चेनचं एवढं कौतुक करत होतो ती आता मुख्यतः पार्किंगची चेन आहे. तरी पैसे वसूल, मे महिन्यातच वसूल झालेत.

गळतं का, हे सगळे विचारतात. शिलाईतून एक थेंब नाही, मामांनी सगळ्या टाक्यांवर मेणबत्ती घासून दिली होती. डाव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे चेन वळते, तिथे झडप थोडी तोकडी पडलीये, मोठ्या पावसात आत पाणी झिरपतं, डिकीतल्या पोत्याचा एक कोपरा ओला होतो एवढंच. मामांनी झडप वाढवून दिली, पैसे घेतले नाहीत. आता झिरपणं कमी आहे, पूर्ण बंद नाही.

ओरखडे आलेत, बारीक, उन्हात तिरके दिसतात. ते माझ्या वॉचमनने कोरड्या फडक्याने पुसल्यामुळे. धूळ आधी पाण्याने वाहून जाऊ द्यायची, मग साबणाचं पाणी आणि जुना मऊ बनियन, बस. घरातली काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे मारायचा नाही. गुंडाळताना मध्ये जुनी चादर घालतो आणि गुंडाळी सैल ठेवतो. आणखी एक, स्टेपनीचं रबर काचेला टेकू देऊ नका, जिथे टेकतं तिथे तपकिरी डाग पडतो आणि तो जात नाही, कारण तो आतपर्यंत मुरतो. माझा रुपयाएवढा आहे, आता स्टेपनीला कव्हर घातलंय.

गाडी पासिंग झाली, काचेबद्दल कुणी काही बोललं नाही, हेडलाइटच्या ॲडजस्टमेंटवरून मात्र दोन तास गेले, तो वेगळा विषय.

अडचण एवढीच झालीये की मागची काच स्वच्छ झाल्यापासून बाजूच्या दोन्ही पडद्यांच्या काचा फारच पिवळ्या दिसायला लागल्यात, आधी सगळंच पिवळं होतं तेव्हा कळत नव्हतं. मामा दोन्हीचे मिळून अठराशे सांगतायत, चेन नको म्हणलं तरी अठराशेच. मी पंधराशेवर अडून बसलोय. दिवाळीच्या आधी त्यांच्याकडे सीट कव्हरची गर्दी असते तेव्हा ते खाली येणार नाहीत, त्यामुळे दिवाळी झाल्यावर, थंडी पडायच्या आत, भर दुपारी जाणार आहे.