चारपैकी दोन व्हिसा खरे, दोन बनावट: व्हिएतनामला निघालेल्यांनी आधी हे वाचा

व्हिएतनामच्या ई-व्हिसाची सरकारी फी एका प्रवेशासाठी 25 डॉलर आहे. पुन्हा पुन्हा ये-जा करायची असेल तर 50 डॉलर. 15 ऑगस्ट 2023 पासून हा व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. मी, नवरा आणि सासू-सासरे, आम्ही चौघांचे मिळून 196 डॉलर भरले, वर आणखी 76 डॉलर भरले, आणि तरीही मुंबई विमानतळाच्या काउंटरवरून बॅगा घेऊन डोंबिवलीला परत आलो. एकूण नुकसान 1,78,447 रुपये. हिशेब पुढे पैशापैशाने देते, कारण आमच्या नातेवाइकांत "अडीच लाखांना गंडवलं" इथपासून "व्हिसाच काढला नव्हता म्हणे" इथपर्यंत वाट्टेल ते फिरतंय.

सरकारी संकेतस्थळासारखं दिसणारं खोटं संकेतस्थळ असतं, ते सर्चमध्ये जाहिरात देऊन सगळ्यात वर येतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. म्हणून तर मी पत्त्याच्या आधीचं कुलूप पाहिलं, व्हिएतनामचं बोधचिन्ह पाहिलं, फॉर्ममध्ये विचारलेली माहिती पाहिली. पासपोर्टच्या पानाचा फोटो, चष्मा न घातलेला स्वतःचा फोटो, कुठल्या विमानतळावर उतरणार, कुठून परत निघणार, सगळं बरोबर तेच विचारलं होतं. नंतर खऱ्या संकेतस्थळावरचा फॉर्म उघडून पाहिला, तर ओळीन् ओळ तीच. मग सामान्य माणसाने ओळखायचं कशावरून? ओळखायची एकच जागा आहे आणि ती पत्त्याच्या शेवटी आहे. व्हिएतनाम सरकारचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट व्हीएन' ने संपतो. 'व्हिएतनाम', 'ईव्हिसा', 'गव्हर्नमेंट' हे शब्द पत्त्यात आधी कितीही वेळा असोत, त्यांना काडीची किंमत नाही. आणि कुलूप म्हणजे फक्त तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही एवढंच. पलीकडे चोर बसला असेल तर ती सुरक्षितपणे चोराकडे पोचते.

फी माणशी 49 डॉलर दाखवली. 'सरकारी शुल्क आणि प्रक्रिया' असं एकत्र. 196 डॉलर गेले. त्यावर कार्डाचं साडेतीन टक्के परकीय चलन शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी, असे खात्यातून 17,858 रुपये वजा झाले. ओटीपीच्या मेसेजमध्ये पैसे घेणाऱ्याचं नाव कुठल्याशा कन्सल्टन्सीचं होतं, व्हिएतनामचा उल्लेखही नव्हता. ते नाव मी वाचलं होतं. पण आपल्याकडे सोसायटीचा मेन्टेनन्स भरला तरी मेसेजमध्ये भलत्याच पेमेंट कंपनीचं नाव येतं. त्यावरून संशय घ्यायचा म्हटलं तर ऑनलाइन व्यवहारच बंद करावे लागतील.

मग व्हॉट्सॲपवर फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता, अत्यंत अदबीने. म्हणाला, तुमच्या सासूबाईंच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे आणि सासऱ्यांच्या फोटोत चष्म्याची चमक आहे, दुरुस्ती नाही केली तर चौघांचीही फाइल नामंजूर होईल. यातली पहिली गोष्ट शंभर टक्के खरी होती. आईंच्या पासपोर्टमध्ये पूर्ण नाव एकाच रकान्यात आहे, आडनाव वेगळं नाही. आपल्याकडे कित्येक ज्येष्ठांचे पासपोर्ट असेच आहेत. त्यामुळे हा माणूस खरोखर कागद बघून बोलतोय असंच कोणालाही वाटेल. दुरुस्तीचे माणशी 38 डॉलर, म्हणजे 76 डॉलर, रुपयांत 6,925. भरले. लिहून ठेवा: कुठल्याही देशाचं इमिग्रेशन खातं तुम्हाला व्हॉट्सॲपवर फोन करून पैसे मागत नाही.

आता जे सांगायचंय ते. चार पीडीएफ आल्या. मी त्या छापल्या, जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि चौघांचे पासपोर्ट घेऊन बसले. मी आकडे मोठ्याने वाचत होते आणि माझा नवरा कागदावर बोट ठेवून ताडत होता. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, कधीपासून कधीपर्यंत, सगळं चोख. आईंच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा पासपोर्टवर आहे तसंच. त्याच कागदांवर नोंदणी क्रमांक होता. माझ्या आणि आईंच्या कागदावर तो एकच होता. नवऱ्याच्या आणि बाबांच्या कागदावरही एकच. चारही कागद डोळ्यांसमोर होते, दिवा डोक्यावर होता, आणि तो क्रमांक आम्ही ताडला नाही, कारण ताडायला आमच्याकडे दुसऱ्या बाजूला काही नव्हतंच. पासपोर्टवर तो नसतो. तो प्रत्येक अर्जाचा वेगळा असतो हे पहिल्यांदा जाणाऱ्याला कोण सांगणार? आजही रात्री जाग आली की मला ते टेबल दिसतं. दोन कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरले असते तरी कळलं असतं.

म्हणजे त्यांनी आमच्या दोघांचे व्हिसा खरे काढले होते. 50 डॉलर सरकारला भरून. आणि त्याच दोन पीडीएफवरची नावं, जन्मतारखा आणि पासपोर्ट क्रमांक बदलून आई-बाबांचे कागद तयार केले. दुरुस्तीचे 76 डॉलर ज्यांच्या नावावर घेतले, नेमके त्यांचेच बनावट. उरलेले 50 डॉलर वाचवण्यासाठी. सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांना खोटे कागद देऊन परदेशात पाठवताना त्यांना काही वाटलं नसेल? विमान कंपनीच्या नजरेतून सुटलं असतं तर हनोईच्या इमिग्रेशनसमोर बाबा बनावट कागद घेऊन उभे राहिले असते.

काउंटरवरच्या मुलीने कागद घेतले, क्रमांक पाहिला, पुन्हा पाहिला आणि वरिष्ठांना बोलावलं. "तुम्हा दोघांना जाता येईल, या दोघांना नाही." मी हुज्जत घातली, आवाज चढवला, ते कबूल करते. आता कळतं की योग्य व्हिसा नसलेला प्रवासी नेला तर भुर्दंड विमान कंपनीला पडतो, ती नेणारच नाही. आईंना वाटत होतं, त्यांच्या पासपोर्टमुळेच सगळं अडलं. त्या रांगेतल्या लोकांसमोर त्या माझी माफी मागत होत्या. हे मी त्या लोकांना कधीच माफ करणार नाही.

त्या रात्री खऱ्या संकेतस्थळावर नव्याने अर्ज करणं शक्य होतं, पण तिथे कामाचे तीन दिवस लागतात आणि मध्ये शनिवार-रविवार होते. आई-बाबांना घरी पाठवून आम्ही दोघं निघून जावं हे कोणाच्या मनातही आलं नाही.

हिशेब: व्हिसा आणि दुरुस्ती मिळून 24,783 रुपये. तिकिटं 1,12,400, त्यातले करांचे 8,736 परत आले, गेले 1,03,664. हनोईचं हॉटेल 21,600. 'हा लाँग बे' या खाडीतली रात्रीची बोट 28,400. बोटवाल्यांना विनवण्या केल्या, त्यांनी तारीख बदलून द्यायची तयारी दाखवली होती, पण आधी तिकिटं हवीत ना.

एक महत्त्वाचं. खऱ्या संकेतस्थळावर व्हिसा तपासायची सोय आहे. नोंदणी क्रमांक, अर्जात दिलेला ई-मेल आणि जन्मतारीख टाकली की स्थिती दिसते. मग आम्ही तपासलं का नाही? नंतर तपासून पाहिलं. आमच्या दोघांचे खरे व्हिसासुद्धा दिसेनात, कारण अर्जात त्यांनी आमचा ई-मेल टाकलेलाच नव्हता, स्वतःचा टाकला होता. तेव्हा एजंटकडून काढत असाल (आणि प्रामाणिक एजंटही असतात, ते सेवाशुल्क उघड सांगतात, स्वतःला सरकार म्हणवत नाहीत) तर अर्जात तुमचाच ई-मेल टाकायला लावा. नाही म्हणाला तर उठून या.

पोलिसांकडे गेलो. ठाण्यातल्या साहेबांनी मोबाइलवर ते संकेतस्थळ उघडलं, खाली तळाशी बारीक करड्या अक्षरांतली ओळ शोधून काढली, 'आम्ही खासगी सल्लागार संस्था आहोत, कुठल्याही सरकारशी संबंधित नाही', आणि मला म्हणाले, "मॅडम, त्यांनी तर लिहिलंय. ही दिवाणी बाब आहे." मी म्हटलं, जास्त फी घेतली हे सोडून द्या, पण दुसऱ्याच्या व्हिसावर माझ्या सासूबाईंचं नाव चिकटवलं, ही दिवाणी बाब कशी? तर म्हणाले, सायबरला जा. सायबरच्या टेबलावर म्हणाले, हद्द विमानतळाची. विमानतळाच्या हद्दीतल्या ठाण्यात म्हणाले, पैसे कुठून भरले? डोंबिवलीतून ना, मग तिकडेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, घ्यावीच लागते. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 ड आहे, तीन वर्षं आणि एक लाखापर्यंत दंड. हे सगळं मी कागदावर लिहून नेलं होतं. साहेबांनी कागद वाचलासुद्धा नाही. "तुम्ही वकील आहात का?" वकील नाही, करदाती आहे. सत्तरीतल्या बाबांना लाकडी बाकावर बसवून ठेवायचं, निरीक्षक साहेब बंदोबस्ताला आहेत म्हणायचं, आणि शेवटी साधा अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारून द्यायचा. गुन्हा दाखल झालाच नाही. त्या अर्जाचं काय झालं हे विचारायला गेलं की टेबलावर नवीन माणूस असतो आणि गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. जिला नाव-गाव नाही अशा परदेशी टोळीपेक्षा मला या टेबलांचा राग जास्त आहे. टोळीने निदान फोन तरी उचलला होता.

तुमच्यावर वेळ आली तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्यात नंतर. पैसे पुढे सरकायच्या आत रोखायचे असतील तर तोच मार्ग. आमच्या बाबतीत फसवणूक कळेपर्यंत पैसे केव्हाच पोचले होते.

बँकेचं तर विचारूच नका. शाखेत ठरलेलं वाक्य: "ओटीपी तुम्हीच दिला ना?" हो, मीच दिला, व्हिसासाठी दिला, बनावट कागदासाठी नाही. पैसे घेतले आणि सेवा दिली नाही किंवा सांगितलेली दिली नाही, तर कार्डाच्या व्यवहारावर आक्षेप घेता येतो, त्याला चार्जबॅक म्हणतात. हा शब्द मी उच्चारला तेव्हा समोरच्या अधिकारी बाईंनी तो शेजारच्याला विचारला. तोंडी बोलू नका, ई-मेल करा, तक्रार क्रमांक घ्या, विमान कंपनीकडून प्रवास नाकारल्याचं लेखी पत्र त्याच रात्री मागून घ्या. आम्ही ते काउंटरवरून हलायच्या आत घेतलं आणि आज आमच्या हातात तेवढाच एक भक्कम पुरावा आहे.

व्हिएतनामला जात नसाल तरी वाचा. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड 1 मे 2025 पासून सक्तीचं आहे आणि ते फुकट आहे. मलेशियाचं आणि सिंगापूरचं कार्डही फुकट. या फुकट फॉर्मचे पैसे घेणारी संकेतस्थळं आहेत. पासपोर्टची माहिती त्यांच्याकडे जाते ती वेगळीच. आमच्या चौघांच्या पासपोर्टची पहिली पानं आज कुणाच्या संगणकात आहेत मला माहीत नाही, आणि हे ऐकून घ्यायलाही एकही खिडकी तयार नाही.

बँकेने 30 दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आमच्या बँकेचं उत्तर आलं, 'व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाला असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.' बनावट कागदांबद्दल त्यात एक शब्द नाही. लोकपालाकडे तक्रार टाकली आहे, चारही पीडीएफ जोडून, दोन्ही जोड्यांच्या नोंदणी क्रमांकांभोवती लाल वर्तुळ काढून. घरातल्या तिघा-चौघांचे व्हिसा एकदम आले असतील आणि तिकीट जवळ आलं असेल, तर आजच ते काढा आणि हा क्रमांक एकमेकांशी ताडून पाहा.